लाँचर 'चालवला', 'डागला' की 'सोडला'?

इंदूरच्या एका आजींनी विचारले आहे की, व्हिडिओ गेम खेळताना त्यांची नातवंडे 'मी रॉकेट लाँचर चालवला' असे म्हणतात, तर दिवाळीला आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी ते हिंदाळलेले मराठी ठरवून मुलांना 'डागला' म्हणायला लावले. यांतले बरोबर कोणते?

'चालवला' हे 'चलाया'चेच रूप आहे, यात शंका नाही. आपल्याकडे फटाकेसुद्धा सर्रास 'चालवतात', तेव्हा मुलांनी ते घरातूनच उचलले असणार. पण पाहुण्यांचे 'डागला' हेही मला नेमके वाटत नाही. मराठीत प्रत्येक शस्त्राचे क्रियापद वेगळे असते: गोळी झाडतात, तोफ डागतात, बाण सोडतात. डागणे म्हणजे मुळात तापलेल्या सळईने चटका देणे; तोफेला पेटती बत्ती लावण्याच्या क्रियेवरून ते तोफेला चिकटले आणि पुढे वृत्तपत्रांनी क्षेपणास्त्रांनाही लावून टाकले.

रॉकेटची गोष्ट निराळी आहे. तोफेत दारूचा स्फोट नळीच्या आत होऊन गोळा बाहेर ढकलला जातो आणि तोफ मागे धक्का खाते. रॉकेट मात्र आपली दारू पोटात घेऊन स्वतःच निघते, त्याला केवळ दिशा द्यावी लागते. अमेरिकेने १९४२ मध्ये वापरात आणलेला बझूका म्हणजे दोन्ही टोकांना उघडी अशी खांद्यावर धरायची नळीच होती. वायू मागून निघून जात असल्यामुळे खांद्याला धक्का जवळजवळ बसत नसे, पण मागे उभा असलेला माणूस भाजून निघे. अशा शस्त्राला 'सोडणे'च शोभते, आणि ते जुनेही आहे. अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांत तोफा आणि जेजाला (मोठ्या बंदुका) यांच्या जोडीने येणारे 'बाण' हे धनुष्याचे नव्हेत, दारूचे असत. मोल्सवर्थच्या कोशातही बाण या शब्दाला रॉकेट हा अर्थ दिलेला आहे. हैदर आणि टिपू यांनी या बाणांना लोखंडी नळकांडे दिल्याने त्यांचा पल्ला वाढला, आणि त्यांचा मारा सोसलेल्या इंग्रजांकडे पुढे विल्यम काँग्रीव्ह या संशोधकाने त्यांवरूनच आपली रॉकेटे बेतली, जी १८०७ मध्ये कोपनहेगनवर बरसली.

इंदूरकरांना यासाठी फार लांब जायला नको. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याला होणाऱ्या हिंगोट युद्धात हिंगणाचे वाळके फळ पोखरून त्यात दारू भरतात, त्याला बांबूची काडी बांधतात आणि खांद्यावर झोळी, एका हातात ढाल अशा थाटात ते पेटवून समोरच्यांवर फेकतात. इथे लाँचर म्हणजे माणसाचा हातच. (दोन दलांची नावे तुर्रा आणि कलंगी आहेत, हे ऐकून कोणाही मराठी माणसाला शाहिरांचे कलगी-तुरे आठवतील.)

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. १९६१ मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झालेल्या आरपीजी-७ मध्ये आधी एक छोटा दारूचा भार गोळ्याला नळीबाहेर फेकतो आणि काही मीटर पुढे गेल्यावर त्याची रॉकेट मोटर पेटते, म्हणजे तो आधी झाडला जातो आणि मग सुटतो. त्याच्या रशियन नावाचा अर्थही 'हाती रणगाडाविरोधी ग्रेनेडफेकी' असा आहे. 'रॉकेटने जाणारा ग्रेनेड' हा विस्तार इंग्रजीने मागाहून बसवला. गेम खेळणाऱ्यांत आरपीजी म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ असाही अर्थ असल्यामुळे घोटाळ्यात आणखी भर पडते.

खेळांतला लाँचर १९९३ च्या 'डूम'मुळे घरोघरी पोचला. १९९६ च्या 'क्वेक'मध्ये खेळाडू स्वतःच्या पायाशी रॉकेट सोडून त्या धक्क्याने उंच कट्ट्यावर उडी घेऊ लागले. आपल्याच पायावर धोंडा पाडून वर चढण्याचा प्रकार मराठी म्हणीला ठाऊक नव्हता.

तेव्हा आजींनी नातवंडांना 'लाँचरमधून रॉकेट सोडले' असे म्हणायला सांगावे. 'प्रक्षेपक' हा शब्द बातमीपुरता ठीक आहे, घरात लाँचरच बरा. पुण्याच्या पाहुण्यांना मात्र एवढे जरूर ऐकवावे की, त्यांच्याच पुण्यातल्या संशोधन संस्थेने घडवलेल्या, बारा नळ्यांच्या रॉकेट लाँचरचे नाव 'पिनाक' आहे, आणि पिनाक म्हणजे शंकराचे धनुष्य. धनुष्यावरून बाण सोडतात, डागत नाहीत.