मुलीला पाचवीपासून जिल्हा परिषदेच्या प्रशालेत ठेवावं का? दहावीपर्यंतचा अनुभव असलेल्या पालकांनी सांगावं.

तुमची लेक चौथीत आहे, आता गावातल्याच प्रशालेत ठेवायची की तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायची, असं तुम्ही विचारलंय. ठेवा प्रशालेत. माझी लेक पाचवी ते दहावी जि.प. प्रशालेतच शिकली, आमचं गावही मराठवाड्यातलंच. बाकी बऱ्याच भागांत जि.प.ची शाळा चौथी-सातवीला संपते, आपल्याकडे दहावीपर्यंत आहे, ही सोय साधी नाही. फक्त रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल वर्गाचा टीव्ही बघून ठरवू नका. सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचं पद भरलेलं आहे का, ते बघा. रिकामं असेल तर ते भरून घ्यायला तुम्ही किती हेलपाटे घालाल, तेही आताच ठरवा.

२०२२ साली लेक आठवीला होती, सेमीत. मी घरी शिवणकाम करते. गौरी-गणपती उरकल्यावर दरवर्षी तिला गणिताची दुसरी वही लागायची. त्या वर्षी म्हणाली, नको, पहिलीच पुरेल. मला ते खटकलं. वही काढून बघितली तर शेवटची तारीख २३ ऑगस्ट. विस्तार सूत्रांचं उदाहरण होतं, कंस सोडवलेला, पुढे बरोबरचं चिन्ह काढलेलं आणि त्यापुढे काहीच नाही. त्यानंतरची सगळी पानं कोरी.

"सर गेले आई, बदली झाली त्यांची."

सरांना बोल नाही. आंतरजिल्हा बदलीची वाट बघत त्यांनी आमच्याकडे वर्षं काढली होती, घरी म्हातारे आईवडील होते. पण त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि गणिताच्या तासाला आठवीच्या लेकरांना सातवीच्या वर्गात मागे बसवायला लागले. महिना होत आला तरी एकाही पालकाला पत्ता नव्हता. मला तर असायलाच हवा होता, कारण मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते.

समितीचं रजिस्टर घरी यायचं. शिपाई मशीनवर ठेवायचा, मी हातातली शिलाई पुरी करून सही करायची. वर्षभर मी न वाचता सह्या केल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या महिन्यात मात्र रजिस्टर वाचलं. पोषण आहार होता, वृक्षारोपण होतं, गणिताच्या रिकाम्या पदाचा शब्दही नव्हता. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापक सज्जन माणूस, पण घाबरट. म्हणाले, "ताई, असं इतिवृत्तात लिहिलं की वरून विचारणा होते." म्हटलं, सर, विचारणा व्हावी म्हणूनच लिहायचंय. ठराव झाला, नऊ जणांच्या सह्या झाल्या.

मग शिक्षण खात्याची कचेरी. चार सोमवार गेले. साहेबांचं एकच, जिल्ह्यातच माणूस नाही, भरती झाली की बघू. मी त्यांना शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यातला नियम लिहून नेलेला दाखवला, की सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताला किमान एक शिक्षक असलाच पाहिजे. म्हणाले, कायदा मलाही माहीत आहे. तिसऱ्या सोमवारी आम्ही अकरा आया गेलो, प्रत्येकीच्या पिशवीत आपापल्या लेकराची गणिताची वही. मी माझ्या लेकीची वही उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एक कोरं पान उलटलं, मग दुसरं, मग तिसरं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "एनएमएमएसला किती बसतायत?" बावीस, म्हटलं. एनएमएमएस म्हणजे आठवीतली शिष्यवृत्तीची परीक्षा.

चौथ्या सोमवारी आदेश हातात पडला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शेजारच्या गावच्या शाळेतले एक सर आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे यायला लागले. तोवर गावातल्या एका बीएस्सी झालेल्या सुनेनं वर्ग सांभाळला, तिच्यासाठी आम्ही घरटी शंभर रुपये लोकवर्गणी काढली. नवे सर सकाळी सातला जादा तास घ्यायचे. विस्तार सूत्रं त्यांनी पहिल्यापासून घेतली. लेकीनं त्याच वहीत, त्या बरोबरच्या चिन्हाच्या पुढे उत्तर लिहिलं. ती वही मी रद्दीत दिलेली नाही.

डिसेंबरात परीक्षा झाली, आमच्या वर्गातल्या चौघी शिष्यवृत्तीला पात्र ठरल्या. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. ही परीक्षा फक्त सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या लेकरांनाच देता येते, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. तुमची लेक आठवीत गेली की अर्ज भरला का, ते स्वतः जाऊन विचारा.

आता माझ्या दिरांबद्दल लिहिते, कारण तुम्हालाही घरात हेच ऐकावं लागत असणार. ते शहरात असतात, मुलगा इंग्रजी शाळेत. लेक पाचवीत गेली त्या दिवाळीत सगळ्यांच्या पंगतीत म्हणाले, "वहिनी, फुकट मिळतं त्याची किंमतही तेवढीच असते." ते स्वतः याच प्रशालेत दहावीपर्यंत शिकले. आज जी नोकरी करतात ती इथल्या गणिताच्या जोरावर. मी तेव्हा गप्प बसले, सासूबाई समोर होत्या. आज सांगते. पटावर, म्हणजे किती लेकरं आहेत त्यावर, संचमान्यता ठरते, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर ते, आणि संचमान्यतेवर शिक्षक. ऐपत असलेली चाळीस घरं आपली लेकरं काढून नेतात, पट घसरतो, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो. मग तीच घरं म्हणतात, बघा, शाळेत शिक्षकच नाहीत. मागे राहतात ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, मजुरांची लेकरं, ज्यांच्या आईबापाला कचेरीत सोमवार काढणं परवडत नाही. जे बोलू शकत होते तेच आधी निघून गेले, माझा राग त्याचा आहे. आणि फुकट कसली? ती आपल्या करातून चालते.

आमच्याकडे जे कमी पडलं तेही सांगते. मुलींचं स्वच्छतागृह दोन वर्षं कुलपात होतं, किल्ली ऑफिसात मागायला मुली लाजायच्या. खिचडी आठवीपर्यंतच मिळते, नववीला गेलं की बंद, तेव्हा डबा द्यावाच लागतो. इंग्रजी बोलायची सवय अजिबात होत नाही. लेक अकरावी सायन्सला गेली तेव्हा पहिले तीन महिने रोज रडत घरी यायची, आता सावरली आहे. तुमच्या लेकीला काही वेगळी अडचण असेल, दिसण्या-ऐकण्याची वगैरे, तर आमचा अनुभव तिला लागू पडेलच असं नाही. आणि प्रशाला लांब असेल तर एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास काढा. मानव विकास योजनेतली शाळकरी मुलींसाठीची निळी बस तुमच्या मार्गावर आहे का, तेही आगारात विचारून ठेवा.

दहावीला लेकीला गणितात १०० पैकी ९३ पडले. निकालाच्या दिवशी दिरांचा फोन आला होता, अभिनंदन म्हणाले. त्या पंगतीतल्या वाक्याबद्दल काही बोलले नाहीत.

उद्या प्रशालेत जा आणि मुख्याध्यापकांना संचमान्यतेचा कागद मागा. कोणतं पद मंजूर आहे आणि कोणतं रिकामं, ते त्यात दिसतं. गणिताचं रिकामं निघालं तर इथेच कळवा, आमच्या ठरावाचा मजकूर मी टाइप करून देते.