गिअर लिव्हर डुगडुगतोय, गिअरबॉक्स उघडू का?

प्रश्न : माझ्याकडे १९७९ ची पोर्शे ९११ एससी आहे. लिव्हर न्यूट्रलमध्ये एवढा डुगडुगतो की कुठला गिअर पडलाय ते हाताला कळतच नाही, दुसरा टाकायला जावं तर कधी चौथा पडतो, कधी काहीच पडत नाही. गिअरबॉक्स उतरवायला लागेल असं एका मेकॅनिकने सांगितलंय. खरंच लागेल का?

उत्तर : थांबा, गिअरबॉक्सला आत्ताच हात लावू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी होणार असं वाटतंय. या गाडीत इंजिन मागे, गिअरबॉक्स त्याच्या जरा पुढे आणि लिव्हर तुमच्या हाताशी, म्हणजे मधे टनेलमधून एक लांब रॉड जातो आणि त्याच्या सांध्यांना प्लास्टिकचे बुश, म्हणजे पिन किंवा बॉलभोवती बसणारी छोटी अस्तरं असतात. इतक्या वर्षांत ते बुश झिजतात, नाहीतर वाळून तुटतात. प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा आला की लिव्हरच्या टोकाला तो केवढा तरी वाढून दिसतो.

आधी एक टेस्ट करा. गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, इंजिन बंद. मागच्या सीटच्या मधे टनेलवर कार्पेटखाली एक झाकण आहे ते काढा, आत कपलर, म्हणजे रॉड आणि गिअरबॉक्सला जोडणारा सांधा दिसेल. गिअर टाकून कुणाला तरी लिव्हर हळूहळू हलवायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन कपलरकडे बघा. लिव्हर हलतोय पण रॉड जागेवरच, तर दोष पुढे लिव्हरच्या बुडाशी असलेल्या बॉलच्या कपात. रॉड हलतोय पण कपलरची पलीकडची बाजू गप्प, तर कपलरचे बुश गेले. बहुतेक वेळा दोन्हीकडे थोडं थोडं सापडतं, त्यामुळे सगळे बुश एकदमच बदला, परत परत उघडायची कटकट नको.

आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो, बुश बदलायच्या आधी ॲडजस्टमेंट करू नका. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा तीनदा कपलरचा रॉड पकडणारा क्लॅम्प ढिला करून रॉड फिरवत बसलो, दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. शेवटी कपलर हातात घेतला तर बुशचा पिवळट चुरा तळहातावर पडला, पिन नुसती भोकात खुळखुळत होती. झिजलेल्या लिंकेजला (लिव्हर ते गिअरबॉक्सची ही सगळी जोडणी) ॲडजस्ट करून काय उपयोग, सेटिंग टिकणार कशावर?

कपलर काढताना क्लॅम्पजवळ रॉडवर स्क्रायबरने खूण करून ठेवा, नाहीतर नंतर जागा शोधण्यात दिवस जाईल. कपलरचा गिअरबॉक्सच्या बाजूचा निमुळता स्क्रू नीट बसलाय का ते बघाच, तो ढिला झाला तर एखाद दिवशी रस्त्यात सगळेच गिअर जातील. लिव्हरखालचा नवा कप बसायला घट्ट असतो, गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला की नरम पडतो आणि टक करून बसतो. ब्राँझचे बुश पण मिळतात, घट्टपणा छान येतो पण आवाज आणि थरथर हाताला जास्त जाणवते, रोजच्या गाडीला मी तरी प्लास्टिकच घालेन. सगळं बसलं की खुणेवर क्लॅम्प आवळा, इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा, अडलं तर रॉड केसभरच फिरवायचा, जास्त नाही.

इंजिन बंद असताना गिअर सरळ पडतात आणि चालू केलं की खरखरतात, असं असेल तर मात्र लिंकेज सोडा आणि क्लच केबल बघा. जोर दिल्यावर गिअर सुटत असेल तर इंजिन-गिअरबॉक्सचे रबर माउंट पण तपासा. आणि तुमच्या गाडीतल्या या ९१५ मॉडेलच्या गिअरबॉक्सला घाईने गिअर टाकलेला मुळात सोसत नाही, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून टाकायची सवय लावा.

प्रश्न : माझ्या जुन्या माझदा एमएक्स-५ ला पण असाच प्ले आलाय, शिवाय लिव्हरजवळून गरम हवा येते. तिचा रॉड कुठे असतो?

उत्तर : तिला असा लांब रॉडच नाही, लिव्हर थेट गिअरबॉक्सवर बसतो. लिव्हरच्या टोकाचा छोटा नायलॉन बुश आणि आतलं रबर बूट (लिव्हरभोवतीचं रबरी आवरण), दोन्ही बदला. गरम हवा येते ती फाटलेल्या बूटमधूनच. उघडलंच आहे तर लिव्हरच्या खोबणीतलं ऑइल पण बघून घ्या, बऱ्याचदा ते पार आटलेलं असतं.