अजिंठ्यात भिक्षू राहत होते, मग भिंतींवर राण्या आणि शृंगार कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. संन्यास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोऱ्या भिंतीच येतात. पण पाचव्या शतकात विहार, म्हणजे भिक्षूंचं राहण्याचं लेणं, खोदवण्याचा खर्च सहसा भिक्षू करत नसत. 16 नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने आईवडिलांना पुण्य लाभावं म्हणून संघाला दिलं. तसा त्याचा शिलालेखच तिथे आहे आणि त्यात खिडक्या, दारं, चित्रवीथी, अप्सरांच्या मूर्ती यांचं वर्णन अगदी हौसेनं केलंय. दरबारी माणूस पैसे घालणार म्हटल्यावर भिंतीवर दरबार उतरणारच. (उघड्या अंगांचं म्हणाल, तर तो संकोच आपला. त्यांना तो नव्हता.)

पण मला हे उत्तर अर्धंच वाटतं. याच लेण्यात आत गेल्यावर डाव्या भिंतीवर एक चित्र आहे: मान टाकलेली स्त्री आणि तिला मागून सावरणारी दासी. एकोणिसाव्या शतकात या चित्राला ‘मरणासन्न राजकन्या’ असं नाव पडलं, ते आजतागायत चिकटलंय. ती मरत वगैरे नाहीये. जवळ मुकुट घेऊन उभा असलेला माणूस बघा, सगळी गोष्ट त्यात आहे.

ही सुंदरी, बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याची बायको. बुद्ध भिक्षेला दारात आले, घरात कुणाचं लक्षच नव्हतं. ते कळल्यावर नंद क्षमा मागायला निघाला. बौद्ध कवी अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात तो बायकोला शब्द देऊन जातो की, तुझ्या चेहऱ्यावरची नक्षी सुकायच्या आत परत येतो. बुद्धांनी भिक्षापात्र त्याच्या हाती दिलं, विहारात नेलं आणि मनाविरुद्धच त्याचं मुंडण झालं. घरी परत आला तो नुसता मुकुट.

आता हे चित्र रोज कोण बघत होतं? घरदार सोडून आलेली माणसं. कुणाची बायको, कुणाची आई अशीच मागे राहिली असेल. मोह दाखवायला एवढं चित्र कशाला हवं? माझ्या मते, त्यांनी जे मागे टाकलं त्याची किंमत चित्रकाराने त्यांच्यासमोर मांडली, आणि संघाने ती भिंतीवर राहू दिली.

प्रत्यक्षात हे चित्र आता बरंच झिजलंय. जायच्या आधी त्याची जुनी नक्कल बघून ठेवा आणि आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. घाईत आलेल्यांना तो मुकुट हमखास दिसत नाही.