जर्मन संगीतकार पॉल लिंके यांची ‘फ्राउ लूना’ ही ऑपेरेटा (हलकीफुलकी संगीतिका) मूळ रूपात ऐकायची आहे. ‘बर्लिनर लुफ्ट’ हे गाणं तिच्यातलंच ना?

आज आहे, १८९९मध्ये नव्हतं. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

‘फ्राउ लूना’चा पहिला प्रयोग १ मे १८९९ला बर्लिनच्या फ्रीडरिखश्ट्रास या रस्त्यावरच्या अपोलो थिएटरात झाला. संहिता हाइनरिख बोल्टेन-बेकर्स यांची. तेव्हा ती एकाच अंकाची होती. अपोलो हे व्हरायटी थिएटर. कसरती, गाणी, नकला यांच्या रांगेत ऑपेरेटालाही आपली वेळ सांभाळावी लागे. श्टेप्के नावाचा मेकॅनिक फुग्यातून मित्रांसह चंद्रावर जातो, मागे घरमालकीणही येऊन पोचते, एवढ्याच धाग्यावर पदं ओवलेली. ‘बर्लिनर लुफ्ट’, म्हणजे बर्लिनची हवा, हे लिंके यांनी १९०४मध्ये त्याच नावाच्या दुसऱ्या खेळासाठी लिहिलं. १९२२मध्ये ‘फ्राउ लूना’ वाढवून दोन अंकी केली, तेव्हा अशी गाजलेली पदं तिच्यात आली. म्हणून रेकॉर्ड घेताना आधी पदांची यादी पाहा. ‘बर्लिनर लुफ्ट’ असेल तर ती वाढवलेली आवृत्ती. त्यात वाईट काही नाही, फक्त तिला १८९९ची समजू नका.

पदं इतकी सहज हलवता आली, याचं कारण लिंके यांच्या घडणीत आहे. जन्म ७ नोव्हेंबर १८६६, बर्लिन. वडील लहानपणीच गेले. विटेनबर्गं या गावी ते बासून (लाकडी फुंकवाद्य) शिकले आणि १८८४पासून बर्लिनच्या नाटकमंडळ्यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. पुढे कंडक्टर झाले. पॅरिसच्या फोली बेर्जेर या रंगमंचगृहातही सुमारे दोन वर्षं काढली. प्रेक्षक कुठे सैल पडतो, हे रोज समोर दिसणाऱ्या माणसाचं हे संगीत आहे: तुकडा छोटा, चाल पहिल्याच ओळीत पकडणारी. व्हिएन्नाची ऑपेरेटा वॉल्ट्झवर, म्हणजे तीन मात्रांच्या नृत्यचालीवर, तरंगते. लिंके वॉल्ट्झही सुरेख लिहितात, पण त्यांचा खरा जीव मार्चमध्ये, म्हणजे संचलनाच्या ठेक्यातल्या चालीत. शिवाय प्रकाशनसंस्था, अपोलो फेरलाग, स्वतःचीच. त्यामुळे पद नाटकाबाहेर स्वतंत्रपणे विकलं जाई.

‘ग्ल्यूव्यूर्मखेन’ (काजवा) हे १९०२च्या ‘लिसिस्त्राटा’तलं. अमेरिकेत १९५२मध्ये मिल्स ब्रदर्स या गायकमंडळीने ते इंग्रजीत गाऊन घरोघरी नेलं. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना मूळ ऑपेरेटा ठाऊक असेल! १८९९चीच ‘इम राइख देस इंद्रा’ही आहे. नावात आपला इंद्र आहे, पण म्हणून त्यात हिंदुस्थानी राग शोधू नका.

नाझी काळाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. राजवटीने लिंके यांना डोक्यावर घेतलं. १९४१मध्ये, पंचाहत्तरीला, ते बर्लिनचे सन्माननीय नागरिक झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच शहरातले ज्यू वंशाचे ऑपेरेटाकार लेओन येसेल यांना गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) अटक केली आणि जानेवारी १९४२मध्ये ते छळामुळे वारले. लिंके यांचं चरित्र वाचताना ही दोन नावं शेजारी ठेवावीत.

१९४३मध्ये लिंके मारियनबाद या गावी असताना बर्लिनमधलं घर आणि प्रकाशनसंस्था बॉम्बहल्ल्यात गेली. पुन्हा बर्लिनला परतणं जमलं नाही. ३ सप्टेंबर १९४६ला हार्झ डोंगरातल्या हानेनक्लेला निधन झालं.

सुरुवात ‘श्लोसर, दी इम मोंद लीगन’ने करा: चंद्रावरच्या महालांचं हे पद ‘फ्राउ लूना’तलंच. मग ‘ग्ल्यूव्यूर्मखेन’ निव्वळ वाद्यवृंदावर. ‘बर्लिनर लुफ्ट’ मात्र बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या, वाल्डब्यूनं या खुल्या रंगमंचावरच्या मैफलीचं ऐका. शेवटी ते वाजतं तेव्हा प्रेक्षक ठेक्यावर शीळ घालतात.