एका तुकड्याची बॉडी की जोडलेली? बेस गिटारसाठी माझं मत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलच्या धर्तीचा बेस गिटार स्वतः जुळवायचा आहे. समोर दोन बॉडी आहेत, एक स्वॅम्प अ‍ॅश या लाकडाची अखंड, दुसरी अल्डर या लाकडाची, दोन फळ्या जोडलेली. पहिलीचा भाव जवळजवळ दुप्पट, आणि विकणारा म्हणतो की अखंड लाकडात सस्टेन, म्हणजे सूर टिकून राहणं, जास्त मिळतो. माझं उत्तर: सस्टेनसाठी ते जादा पैसे देऊ नका. कडेपासून कडेपर्यंत सलग धावणाऱ्या लाकडाच्या रेषा तुम्हाला आवडत असतील, तर मात्र जरूर द्या. बेस रोज हातात घ्यायचा असतो, तो डोळ्यांना आवडणं हे मला पुरेसं कारण वाटतं.

फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन आणला तेव्हा बॉडी अ‍ॅशची होती. 1956 च्या सुमारास बहुतेक रंगांसाठी अल्डर आलं, अ‍ॅश मुख्यतः फिकट ब्लाँड रंगासाठी राहिलं. प्रिसिजनची बॉडी साधारण 33 सेंटीमीटर रुंद असते. एवढ्या रुंदीची, बिनगाठीची, सरळ रेषांची अल्डरची फळी कारखान्याला रोज शेकड्यांनी कुठून मिळणार? म्हणून दोन, तीन, कधी चार फळ्या शेजारीशेजारी चिकटवून त्यातून बॉडी कापायची, ही तिथली रोजची पद्धत होती. सनबर्स्ट (मधे फिकट, कडेला गडद) रंगाचा काठ किंवा अपारदर्शक रंग चढला की सांधा दिसत नाही. साठच्या दशकातल्या ज्या बेसचा आवाज आपण आजही नमुना म्हणून धरतो, त्यांतले कितीतरी असे जोडलेलेच आहेत.

टोकाचं उदाहरण नामवंत बेसवादक जेको पास्टोरियसच्या 1962 च्या फेंडर जॅझ बेसचं. ऐंशीच्या दशकात त्या बेसचे अक्षरशः तुकडे झाले. केविन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या कारागिरांनी ते जुळवले, बॉडीला पुढून-मागून मेपलचा पातळ थर लावला आणि बेस पुन्हा उभा केला. 1986 मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला, वीसेक वर्षांनी सापडला, आणि मेटॅलिका बँडचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो याच्या मदतीने जेकोच्या कुटुंबापर्यंत पोचला. एवढ्या सांध्यांनंतरही तो वाजतो. दुसऱ्या टोकाला अलेम्बिक ही बेस बनवणारी कंपनी. त्यांच्या बेसमध्ये नेक (तारांखालचा लांब दांडा) पट्ट्या जोडून बनवलेली, बॉडीत गाभ्याचं लाकूड वेगळं आणि वरचं वेगळं, हे सगळं मुद्दाम केलेलं. बेसवादक स्टॅन्ली क्लार्कचा तो खणखणीत, लांब टिकणारा सूर अशाच जोडलेल्या बेसवरचा. जोडल्याने सस्टेन मरत असता तर ही वाद्यं आपल्याला माहीतही झाली नसती.

सांध्याची भीती वाटते ती बहुधा फर्निचरच्या अनुभवावरून, पण तिथे निखळतो तो टोकाचा सांधा. बॉडीत फळ्या लांबीला लांबी लावून, रेषा समांतर ठेवून चिकटवलेल्या असतात. रंध्याने कडा नीट जुळवल्या, सरस पातळ पसरला आणि शिकंज्यात सगळीकडे सारखा दाब दिला, तर तो जोड लाकडापेक्षा मजबूत होतो. कुठल्याही चांगल्या सुताराकडे असा एक टाकाऊ तुकडा हातोड्याने मोडून बघा. सांध्याशेजारचं लाकूड फाटतं, सांधा तसाच राहतो.

आता आपल्याकडच्या हवेबद्दल, कारण तुम्ही मुंबईत आहात. भट्टीत सुकवलेल्या लाकडात ओल साधारण 6 ते 8 टक्के असते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडं लाकूड हळूहळू 15 टक्क्यांच्या आसपास जाऊ पाहतं. वार्षिक वर्तुळांच्या दिशेने लाकूड जेवढं फुगतं, ते त्यांना काटकोनात फुगण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. म्हणून सपाट चिरलेली रुंद अखंड फळी एका बाजूला वाटीसारखी वळू शकते. दोन अरुंद फळ्यांत वर्तुळं उलटसुलट ठेवली तर हा ओढा बराच कमी होतो. अल्डरमध्ये ओल नुसती 4 टक्के वाढली तरी 33 सेंटीमीटरच्या रुंदीत 3 मिलिमीटरच्या जवळपास फरक पडू शकतो. फिनिश ही गती कमी करतं, थांबवत नाही. तेव्हा नुसतं तेल लावून अखंड बॉडी वापरायचा विचार असेल तर मुंबईत करू नका. नेक पॉकेटच्या (नेक बसवायच्या खाचेच्या) आतली बाजू आणि पिकअपच्या (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकांच्या) पोकळ्यासुद्धा सील करा. लोक हेच नेमकं विसरतात.

अखंड अ‍ॅश महाग का, तेही सांगतो. हलकं स्वॅम्प अ‍ॅश अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पाणथळ भागांतून येतं. तिकडे अ‍ॅशच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगेरा 2002 मध्ये उत्तरेकडच्या मिशिगनमध्ये सापडला आणि पसरत गेला. 2020 मध्ये फेंडरनेही नेहमीच्या मॉडेलांतून अ‍ॅश बहुतांशी काढून घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे तुम्ही जे जादा मोजताय ते दुर्मीळपणाचं मोल आहे.

सस्टेनची खरी काळजी असेल तर नेककडे लक्ष द्या. जीच्या (सर्वांत बारीक) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांच्या) दरम्यान एखादा सूर पटकन विझतो, हे बेस वाजवणाऱ्या बऱ्याच जणांनी अनुभवलंय. तिथे 131 ते 147 हर्ट्झच्या आसपास तारेचा सूर नेकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतो आणि नेक तारेची ऊर्जा खाते. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) छोटा शिकंजा लावून वाजवा. वजन वाढलं की तो मेलेला सूर सरकतो किंवा जागा होतो. बॉडीतल्या फळ्या मोजून हे कधीच सुटणार नाही.

बॉडी बघताना मी खालची, स्ट्रॅप-बटणाकडची कड आधी बघतो. तिथे लाकडाचं टोक दिसतं, फळ्या किती आणि वर्तुळं कशी ते लगेच कळतं. वरून लावलेला देखणा पातळ थर पुढून फसवतो, ही कड फसवत नाही. मग सांध्यावरून नख फिरवायचं. नखाला पायरी लागली तर लाकूड बहुधा नीट सुकलेलं नव्हतं, ती बॉडी सोडून द्यायची. मधोमध सांधा असेल तर ब्रिजचे (तारा अडकवायच्या धातूच्या पट्टीचे) स्क्रू त्याच रेषेत येतात का तेही बघा. तीन फळ्यांत मधली रुंद असेल तर मला ती दोन फळ्यांपेक्षा बरी वाटते, कारण नेक पॉकेट आणि ब्रिज दोन्ही एकाच लाकडात बसतात. आणि वजन विचारा. उघडी बॉडी दोन किलोच्या आसपास असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात खांदा तक्रार करणार नाही. अडीचच्या वर असेल तर मी अखंड असूनही घेणार नाही.

विकणाऱ्याकडून त्या अल्डरच्या बॉडीचं ग्रॅममधलं वजन आणि खालच्या कडेचा उजेडातला फोटो मागवा. इथे टाका, कड बघून सांगतो.