फंक-पॉपच्या (म्हणजे बेस-ड्रमच्या ठेक्यावर उभ्या अमेरिकन नाचऱ्या संगीताच्या) रेकॉर्डवर मागे कोरस गाणारा गायक पुढे स्वतःच्या नावावर उभा राहिल्याचं उदाहरण आहे का? की एकदा कोरसचा शिक्का बसला की बसला?

आहे. एकच नाव घ्यायचं तर मी अमेरिकन गायक ल्यूथर वॅन्ड्रॉसचं घेईन. शिक्क्याबद्दल विचाराल तर ल्यूथरनं तो पुसायच्या भानगडीत न पडता त्याच्याच जोरावर दुकान मांडलं. म्हणून हे उदाहरण मला नुसत्या 'मागून पुढे आला' छापाच्या यशोगाथांपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

जन्म न्यूयॉर्कचा, 1951 चा. वडील मधुमेहानं गेले तेव्हा पोरगा आठ वर्षांचा होता. घरात थोरल्या बहिणीचं गाणं होतं, रेकॉर्ड होत्या, आणि त्या रेकॉर्डमध्ये बायकांचे आवाज जास्त: डायॉन वॉरविक, अरीथा फ्रँकलिन, पॅटी लाबेल. पॅटी लाबेलचा पहिला फॅन क्लब याच पोरानं काढला. हा तपशील लोक गंमत म्हणून सांगतात, पण त्याच्या कानाची घडण तिथेच झाली. मुख्य गायिका काय करते यापेक्षा तिच्या मागच्या दोघीतिघी कुठे शिरतात, कुठे थांबतात, याकडे त्याचं लक्ष असायचं. पुढे हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या तरुणांच्या गटातून तो गायला. 'लिसन माय ब्रदर' हे त्या गटाचं नाव, आणि 1969 साली 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्याच मोसमात ही मंडळी पडद्यावर दिसली. त्यात गिटारवाला कार्लोस अलोमार होता, रॉबिन क्लार्क होती, फॉन्झी थॉर्नटन होता. ही नावं लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट याच मित्रमंडळावर चालते.

1974 चा ऑगस्ट. डेव्हिड बोवी फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत 'यंग अमेरिकन्स' ध्वनिमुद्रित करत होता. इंग्रज रॉक गायकाला काळ्या अमेरिकेच्या सोल आणि फंकचा नाद लागला होता आणि त्यासाठी त्यानं अलोमारला घेतलं होतं. अलोमारनं सोबत रॉबिनला, म्हणजे बायकोला, आणि मित्र म्हणून ल्यूथरला नेलं. ल्यूथरला कुणी कामावर बोलावलं नव्हतं. गाणं वाजत असताना तो रॉबिनला सहज म्हणाला, इथे मागून असं असं आलं तर? आणि गाऊन दाखवलं. बोवीनं ते ऐकलं आणि त्याला माइकसमोर उभं केलं. अल्बमच्या श्रेयनामावलीत गायनाच्या रचनेसाठी त्याचं नाव आहे, आणि 'फॅसिनेशन' हे गाणं तर त्याच्याच 'फंकी म्युझिक' या गाण्यावरून झालं, बोवीसोबत सहलेखक म्हणून नाव लागलं. 23 वर्षांच्या, कुणाला ठाऊक नसलेल्या पोराचं नाव लेखक म्हणून छापलं गेलं ही बोवीची दानत. त्याच वर्षीच्या दौऱ्यात बोवीच्या आधी स्टेजवर जायचं कामही ल्यूथरकडे आलं. समोरचे प्रेक्षक बोवीच्या नावानं ओरडत असायचे आणि हा आपली गाणी गात असायचा.

त्यानंतर पाचसहा वर्षं न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत त्याच्याइतकं काम क्वचितच कुणाला असेल. बोवीनं बेट मिडलरकडे पाठवलं, तिथून निर्माता आरिफ मार्डिनची ओळख झाली, मग रीघच लागली. शाका खान, कार्ली सायमन, रोबर्टा फ्लॅक, डॉना समर, क्विन्सी जोन्स. नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी शीक हा बँड काढला तेव्हा मागच्या आवाजांसाठी हाच गोतावळा तिथे गेला. शीकच्या सुरुवातीच्या अल्बमांवर ल्यूथर आहे, सिस्टर स्लेजच्या 'वी आर फॅमिली'वरही आहे. तुम्ही कुठल्या ना कुठल्या लग्नात किंवा गरब्यात या रेकॉर्डवर नाचला असाल, म्हणजे ल्यूथर तुम्ही ऐकलेला आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

या कामात नेमकं कौशल्य काय असतं, हे थोडं विस्तारानं सांगतो, कारण 'कोरस काय, कुणीही गातं' हा आपल्याकडचा गैरसमज फार जुना. मी स्वतः वाद्यवृंदांत कोरसमध्ये उभा राहिलेलो आहे, म्हणून थोडं अधिकारानं बोलतो. चार जणांनी एकच सूर लावणं सोपं आहे. चौघांचा 'आ' एकाच आकाराचा येणं अवघड. एकानं तोंड जास्त उघडलं, एकानं शब्दाच्या शेवटचा 'स' अर्धा क्षण उशिरा सोडला, एकाच्या आवाजात कंप जास्त असला, की भिंतीला पोपडा धरल्यासारखा तो आवाज वेगळा दिसतो. फंकमध्ये तर मागचे आवाज जवळजवळ तालवाद्याचं काम करतात. ओळ जिथे तोडायची तिथेच तुटली पाहिजे, बेस आणि ड्रमच्या मधल्या फटीत बसली पाहिजे. त्यात टेपवर एकाच ओळीचे दोनदोन, तीनतीन थर चढवायचे, आणि प्रत्येक वेळी आधीच्या टेकशी तंतोतंत जुळवायचं. ल्यूथर हे सगळं गाता गाताच रचायचा. कुणी कुठला सूर घ्यायचा, पुरुषांनी वरच्या पातळीत फॉल्सेटोत, म्हणजे बारीक केलेल्या उंच आवाजात, जाऊन बायकांच्या आवाजात कुठे मिसळायचं, श्वास कुठे घ्यायचा, हे तो तोंडी वाटून द्यायचा. निर्माते त्याला बोलवायचे ते या डोक्यासाठी.

पैसा? सेशनला ठरलेलं मानधन मिळतं, रेकॉर्ड कितीही खपली तरी सहसा तेवढंच. खरी कमाई जाहिरातींची होती. बर्गर किंग, केंटकी फ्राइड चिकन, ज्युसी फ्रूट च्युइंग गम अशा जिंगल्स त्यानं गायल्या. अमेरिकेत कलाकार संघटनांच्या करारांमुळे जाहिरात पुन्हा पुन्हा लागत राहिली की गायकाला पुन्हा पैसे मिळतात. ही गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे, कारण या पैशानंच पुढे त्याला नाही म्हणायची मुभा दिली.

आधी एक प्रयत्न फसला होता. 1976 आणि 1977 साली कोटिलियन कंपनीकडून 'ल्यूथर' नावाच्या गटाचे दोन अल्बम निघाले. गाणी त्याची, आवाज त्याचा, पण गट म्हणून बाजारात आणलेले. चालले नाहीत, करार संपला. नंतर त्यानं त्या रेकॉर्डिंगचे हक्क विकत घेऊन ठेवले आणि ते अल्बम पुन्हा बाहेर येऊच दिले नाहीत. तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, 2024 मध्ये ते परत निघाले. मी ऐकले, लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही, पण मुख्य गायक आणि मागचे आवाज यांच्यात जागेची वाटणी अजून झालेली नाही हे मात्र जाणवतं. सगळेच एकदम पुढे येतात.

1980 मध्ये इटालियन निर्मात्यांनी 'चेंज' या नावाखाली 'द ग्लो ऑफ लव्ह' अल्बम काढला. चेंज हा खरा बँड नव्हता, संगीत इटलीत आणि गाणं न्यूयॉर्कमध्ये अशी स्टुडिओतली जुळवाजुळव. त्यातली 'सर्चिंग' आणि 'द ग्लो ऑफ लव्ह' ल्यूथरनं मुख्य आवाजात गायली. क्लबांत दोन्ही गाजली आणि 'हा आवाज कुणाचा?' ही विचारणा सुरू झाली. पुढच्या अल्बमसाठी मिळणारा मोबदला पटला नाही म्हणून त्यानं चेंजला रामराम केला. जिंगल्सचा पैसा हाताशी नसता तर हे जमलं असतं का, मला शंका आहे. त्याच काळात तो रोबर्टा फ्लॅकच्या दौऱ्यांत मागे गात होता, आणि मागे फारच निवांत बसला आहेस, आता स्वतःचं काहीतरी कर, म्हणून तिनंच त्याच्या मागे लकडा लावला. तिच्या बँडमध्ये मार्कस मिलर नावाचा कोवळा बेसवादक होता. त्यालाही ल्यूथरनं गाठीशी बांधलं.

मग त्यानं पदरचे पैसे घालून नमुन्याची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कंपन्यांचे उंबरठे झिजवले. अट एकच, निर्मिती मी करणार. नव्या गायकाला हे द्यायला कुणी राजी नव्हतं. शेवटी एपिक कंपनीत लार्किन अर्नोल्ड यांनी मान्य केलं, आणि ऑगस्ट 1981 मध्ये 'नेव्हर टू मच' आला. सात गाणी, त्यातली सहा त्याची स्वतःची. शीर्षकगीत आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, म्हणजे मुख्यतः काळ्या अमेरिकेचं संगीत) यादीत पहिलं, अल्बमही तिथे पहिला. ग्रॅमीवाल्यांनी त्याला 'सर्वोत्कृष्ट नवोदित'साठी नामांकन दिलं, सात वर्षं स्टुडिओ घासून झाल्यावर!

'नेव्हर टू मच' लावून बघा. मार्कस मिलरचा बेस अंगठ्यानं ठोकत येतो, त्यावर ल्यूथर इतका सहज गातो की त्यात कष्ट दिसतच नाहीत. पण मागे लक्ष द्या. फॉन्झी थॉर्नटन, टवाथा एजी आणि खुद्द ल्यूथर. अल्बमवर सिसी ह्यूस्टनसुद्धा आहे, व्हिटनीची आई, जिनं अरीथा आणि एल्विसच्या मागे गायलं होतं. बहुतेक सोलो अल्बमांत मागचे आवाज शेवटी उरकलेले असतात. इथे गाण्याचा सांगाडाच त्यांचा आहे. म्हणजे दुसऱ्यांसाठी जे बांधायचा तेच त्यानं स्वतःसाठी बांधलं आणि मधली एक खुर्ची मोकळी ठेवून तिथे जाऊन बसला. शेवटचं गाणं 'अ हाऊस इज नॉट अ होम', मूळ डायॉन वॉरविकचं, 1964 चं आणि आटोपशीर. यानं ते सात मिनिटांवर नेलं. काही ओळी इतक्या रेंगाळत घेतल्या आहेत की एखाद्या ख्यालियाला दाद द्यावीशी वाटेल. पुढे एका सोहळ्यात डायॉनसमोर त्यानं ते गायलं तेव्हा तिला रडू आवरलं नाही, ते चित्रण आजही सापडतं.

पुढची दहा वर्षं झपाट्यानं सांगता येतील. 1981 ते 1991 मधला प्रत्येक स्टुडिओ अल्बम अमेरिकेत किमान दहा लाखांवर गेला. अरीथाचा 'जंप टू इट' त्यानं निर्मिला, लहानपणच्या देवीला स्टुडिओत सूचना दिल्या. माझं मत विचाराल तर या काळातली जलद गाणी हळूहळू एका साच्याची होत गेली, आणि 1989 चं 'हिअर अँड नाऊ' मला जरा जास्तच गोड लागतं. पण पॉप यादीच्या पहिल्या दहात त्याला नेलं ते त्याच गाण्यानं, आणि पहिलं ग्रॅमीही त्यानंच मिळवून दिलं. पॉप रेडिओनं त्याला तोवर बाहेरच्या ओसरीतच बसवलं होतं.

गंमत बघा. पॉपच्या मुख्य यादीत त्याच्या नावावर पहिल्या क्रमांकाचं एकही गाणं नाही. पण 1985 साली स्टीव्ही वंडरचं 'पार्ट-टाइम लव्हर' पहिलं आलं, त्यात मागे ल्यूथर आहे, स्वतः तारा झालेला असताना. 2001 मध्ये जॅनेट जॅक्सनचं 'ऑल फॉर यू' पहिलं आलं, ते 'द ग्लो ऑफ लव्ह'च्या संगीतावर उभं. आणि 2025 मध्ये केंड्रिक लमार आणि सिझाचं 'ल्यूथर' पहिलं आलं, त्यात ल्यूथर आणि शेरिल लिन यांच्या 1982 च्या द्वंद्वगीताचा तुकडा आहे. अल्बमांच्या यादीत मात्र तो एकदा शिखरावर गेला, 2003 मध्ये 'डान्स विथ माय फादर'नं. एप्रिलमध्ये पक्षाघाताचा झटका आला, जूनमध्ये अल्बम निघाला. शीर्षकगीत त्यानं रिचर्ड मार्क्ससोबत लिहिलं होतं, आणि हा मार्क्सही सुरुवातीला लायनेल रिचीच्या मागे कोरस गायचा. त्या गाण्याला 2004 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गीताचं ग्रॅमी मिळालं. जुलै 2005 मध्ये तो गेला, 54 व्या वर्षी.

आता दुसरी बाजू, नाहीतर उत्तर एकांगी होईल. ल्यूथरच्या मागे दोन दशकं लिसा फिशर गायली. 1991 मध्ये तिनं 'सो इन्टेन्स' हा सोलो अल्बम काढला, त्यातलं गाणं आर अँड बी यादीत पहिलं आलं, ग्रॅमीही मिळालं, आणि तेही विभागून, पॅटी लाबेलसोबत. तिचं पुढचं दार उघडलेलं होतं. पण दुसरा अल्बम झाला नाही. ती ल्यूथरच्या आणि रोलिंग स्टोन्सच्या मागे गात राहिली, स्टोन्ससोबत तर 1989 पासून 2015 पर्यंत. तिच्या तयारीत काडीची उणीव नव्हती, मागे गाणंच तिला भावतं असं तिनं उघड सांगितलं आहे. त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणी कोरस गाणारं असेल आणि 'पुढे कधी येणार?' असं तुम्ही विचारणार असाल, तर आधी पुढे यायचंय का हे विचारा. यायचं असेल तर ल्यूथरकडून उचलण्यासारखं म्हणजे स्वतःची गाणी, गाठीशी पैसा, आणि वर्षानुवर्षं सोबत गायलेली माणसं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'यंग अमेरिकन्स', मग 'सर्चिंग', मग 'नेव्हर टू मच', याच क्रमानं. आणि हेडफोन लावून, फोनच्या स्पीकरवर मागचे आवाज कळत नाहीत.