डब्यातली एन्झाइम्स आणि आप्पांची शुगर

प्रश्न : आमच्या आप्पांचं वय 61, शुगर 12 वर्षांची. परवा एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 9.4 आलं. विडी सुटत नाही. एका ओळखीच्यानं अँटिऑक्सिडंट एन्झाइमच्या पावडरचा डबा आणलाय, महिन्याला दोन हजारांचा. यानं पेशी साफ होतात, गोळ्याही बंद होतात म्हणे. द्यावा का?
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : गोळी एक दिवसही बंद करू नका, हे आधी सांगते.

डब्यावरचं सगळंच खोटं नसतं, म्हणून तर माणसं फसतात. शुगर चढली की पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे त्यांच्या वीजघरांत, सुपरऑक्साइड हा पेशीला इजा करणारा ऑक्सिजनचा प्रकार जास्त तयार होतो. त्याला आवरणारी अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स शरीर स्वतःच बनवतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज तेही निकामी करतात. पण वाढलेली साखर या एन्झाइमांनाच चिकटते आणि त्यांचं काम मंदावतं. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या नसा यांना झळ लागते त्यात याचा मोठा वाटा.

पण एन्झाइम म्हणजे प्रथिन. तोंडावाटे घेतलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचून जातं. अँटिऑक्सिडंट म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचाही फारसा उपयोग दिसलेला नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत साडेनऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना रोज 400 युनिट ई जीवनसत्त्व दिलं, त्यात मधुमेही पुष्कळ होते. हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. आणि डब्यात बीटा कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) असेल तर आप्पांना मुळीच देऊ नका. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्यांत त्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कॅन्सर वाढल्याचं 1994 मध्ये दिसलं होतं.

विडीचा धूरही पेशींवरचा हाच मारा वाढवतो. आपल्याकडे विडी घरोघरी वळली जाते, त्यामुळे ती सोडणं किती अवघड आहे ते मी रोज बघते. तरी डॉक्टरांकडे निकोटिनच्या गमचा विषय काढाच. दुसरं, गुऱ्हाळावरचा गूळ शुगरला चालतो हा आपल्या भागातला पक्का समज. चालत नाही. चहातला गूळ आधी थांबवा. 9.4 वर गोळ्यांचा डोसही बदलावा लागेल, तेव्हा रिपोर्ट घेऊन लगेच जा.

आज रात्री आप्पांचे पाय उजेडात धरून बघा. बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगांत जखम आहे का? ती त्यांना दुखत नसेल तर जास्तच काळजीची गोष्ट, पायाच्या नसा बधिर झाल्याची ती खूण असू शकते. दोन हजार वाचतील त्यातून डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या.